होकायंत्राशेजारची नाल

नव्या होकायंत्राला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या शेजारी घोड्याची नाल ठोकणारी शहाणी मीच. आज सुतार आमच्या नव्या दाराला रंधा मारतोय आणि सागाच्या वासासरशी कोन गावची खाडी आठवली. लग्नाच्या वर्षी यांनी शिडाच्या होडीत सुकाणूपाशी सागाची फळी बसवून तीत होकायंत्र जडवलं होतं. लोखंड काट्याला ओढतं, हे मला काय ठाऊक? धुक्यात हे समुद्रात भरकटले. दुसऱ्या दुपारपर्यंत मी काठावर हातातल्या बांगड्या चाचपत उभी होते. परतल्यावर यांनी उपटलेली नाल माझ्या हातात ठेवली.

"ही घराच्या दाराला ठोक. काटा ओढायचाच हाय, तर घराकडं ओढू दे."