कोणाचं नाक वाजतंय?

मोईनचा फोन आला तेव्हा मी पैठणहून येणाऱ्या एसटीत खिडकीपाशी बसून सहावीच्या वह्या तपासत होते. नाव बघितलं आणि नेहमीसारखी सुरू झाले, "काय रे, फिल्म संपवायची आहे की नाही तुम्हा दोघांना? तिसरा शुक्रवार वाया घालवलात!" तर तो म्हणाला, "वैशे... दत्ता गया." आणि मी विचारलं, "कुठं?" या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण छत्तीस वर्षांचा माणूस, सकाळी व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवलेला, तो गेला म्हणजे शेंद्र्याला गेला असेल, सामान आणायला गेला असेल, असंच वाटणार ना कोणालाही? दुपारी दुकानात, मांडीवर कोणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. तिथंच त्याचं हृदय थांबलं. शेजारचे दुकानदार उचलून दवाखान्यात घेऊन गेले, पण उशीर झाला होता. याला आता सहा आठवडे झाले. हे लिहायला मी इतके दिवस घेतले, कारण मला रडगाणं लिहायचं नव्हतं. दत्ताला ते बिलकूल खपलं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल लिहायला बसलं की मला आधी हसूच येतं.

दत्ताचं सिडकोत मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. एखादी बाई मिक्सर घेऊन आली आणि "तो ना, असा घर्र करतो आणि मग" असं सांगायला लागली की हा हात वर करायचा. "ताई, तुमी नका सांगू, त्याला सांगू द्या." मग मिक्सर चालू करून, डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचा आणि नेमकं सांगायचा की अमुक वस्तू झिजली आहे. कधी चुकला नाही. असले कान देवानं दिले होते आणि आवाज मात्र, त्याच्याच शब्दांत, "पट्टा सैल झालेल्या गिरणीचा." त्यामुळं तो बोलायचाच कमी. आम्ही दोघं बडबडायचो, तो ऐकायचा, आणि शेवटी एक शब्द असा टाकायचा की आमचं अर्ध्या तासाचं भांडण मिटून जायचं.

आम्ही तिघं कॉलेजात भेटलो ते एका एकांकिकेत. तिघांनाही एकाच दिवशी काढून टाकलं, म्हणून मैत्री झाली. मला दिग्दर्शकाशी भांडले म्हणून, मोईनला संवादात शेर घुसवला म्हणून, आणि दत्ताला पडद्यामागून दाराचा आवाज काढताना खरं दार मोडलं म्हणून. "आपण आपलंच करू," मी म्हटलं, आणि ते आम्ही पंधरा वर्षं केलं. गोष्ट मी लिहायची, दुसरं कोणी मिळत नाही म्हणून नायिकाही मीच. मोईनकडं फोनचा कॅमेरा आणि गाणी. आवाजाचं सगळं खातं दत्ताकडं. आमचा स्टुडिओ म्हणजे मोईनच्या अब्बांचं गादी-रजईचं दुकान. शुक्रवारी ते बंद असायचं. चारी बाजूंना छतापर्यंत गाद्या, बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नसे. दत्ता पहिल्यांदा तिथं शिरला तेव्हा टाळी वाजवून बघितली, आवाज जागच्या जागी मेला, आणि गडी इतका खूश झाला की गादीवर आडवाच पडला. "मोईन, तुझे अब्बा लई मोठे माणूस हायेत," म्हणाला. मोईनची सगळी गाणी आम्ही तिथं रेकॉर्ड केली. एका बाजूला कापसाचा ढीग, त्यामुळं प्रत्येक कडव्यानंतर सामूहिक शिंका.

आता मुख्य गोष्टीवर येते. दत्ताचा एक नियम होता, सन्नाट्याचा. कुठंही शूटिंग झालं की सामान आवरण्याआधी तो माइक हातात धरायचा, हेडफोन चढवायचा आणि म्हणायचा, "सन्नाटा! कोणी हलायचं नाय." मग पूर्ण एक मिनिट सगळ्यांनी पुतळा व्हायचं. मला हा प्रकार अजिबात कळायचा नाही. एकदा जायकवाडी धरणाच्या काठावर, रणरणत्या उन्हात, त्यानं चौथ्यांदा सन्नाटा मागितला तेव्हा माझं डोकं फिरलं. "काही नसलेलं कशाला रेकॉर्ड करतोस रे? घरी बसून फाईल कोरी ठेव की!" तो शांतपणे म्हणाला, "वैशे, कोरी फाईल म्हणजे भोक असतंय. दोन वाक्यं जोडली की मधी भोक पडतंय, ते त्याच जागेच्या सन्नाट्यानं बुजवायचं. खुलताबादचा सन्नाटा पैठणला चालत नाय." मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? तर म्हणाला, "मला." झालं, विषय संपला. चौथ्यांदा पुतळा झाले.

आणि सन्नाटा चौथ्यांदा का लागायचा? कारण कोणाचं तरी नाक वाजायचं. बारीक शिट्टी, श्वासागणिक, सुंऽऽ... सुंऽऽ... समोर बसून ऐकू यायची नाही, माइकमध्ये मात्र स्पष्ट. दत्ता हेडफोन काढायचा, आमच्याकडं रागानं बघायचा आणि विचारायचा, "कोणाचं नाक वाजतंय?" आरोपी ठरलेला होता. मोईन! लहानपणापासून कापसात वाढलेला, त्याचंच वाजणार. मोईन बिचारा शपथा घ्यायचा, "अरे नहीं बजता बोलके कित्ती बार बोला मैं!" कोण ऐकतंय? दत्ता त्याला दहा पावलं लांब उभा करायचा. तरी शिट्टी यायची. मग वीस पावलं. एकदा खुलताबादच्या घाटात मोईन इतका लांब उभा होता की एका गुराख्यानं जाऊन विचारलं, "दादा, काय चुकलं तुमचं?" ज्या दिवशी मोईन नसायचा त्या दिवशी आळ माझ्यावर. त्यावरून मी एकदा आठवडाभर दत्ताशी बोलले नाही. बाईमाणसाला नाक वाजतं म्हणतो म्हणजे काय! आणि कोणीच नसलं, तो एकटाच रेकॉर्ड करायला गेला, तर म्हणायचा, वारा होता. शेवटी शिट्टीसकट जो मिळेल तोच सन्नाटा ठेवावा लागायचा.

त्या घाटातच आमची भुताची फिल्म झाली. भूत मी. अंगावर मोईनच्या दुकानातली रजईची खोळ, आणि घाईत आणलेली ती खोळ निघाली गुलाबी फुलांची. बदलायला वेळ नव्हता, म्हणून मी गोष्टच बदलली आणि भूत नव्या नवरीचं केलं. ही फिल्म गावातल्या एका छोट्या महोत्सवात लागली. प्रेक्षक मोजून अकरा, त्यातली आम्ही तिघं. परीक्षक मोठे गंभीर गृहस्थ. म्हणाले, अभिनयाबद्दल काही बोलायला नको, पण पार्श्वभूमीला जी एक क्षीण शिट्टी सतत ऐकू येते, तिच्यातून त्या स्त्रीचं एकाकीपण फार हळुवारपणे व्यक्त होतं... ध्वनीसाठी खास उल्लेख! दत्ता व्यासपीठावर प्रमाणपत्र घेताना मोईनकडं असा बघत होता की खाली उतरल्यावर मारणारच. मी आणि मोईन पदराआड, रुमालाआड हसून हसून लोळायचे बाकी होतो. रिक्षात बसल्यावर मोईन म्हणाला, "देख, मेरी नाक ने जिताया तेरे को." मग दत्तालाही जे हसू फुटलं, रिक्षावाल्यानं आरशात तीनदा बघितलं.

मग आम्हाला मोबाइलवर खेळायचा गेम बनवायची हुक्की आली. कोणालाच येत नव्हतं, दत्ता बघून बघून शिकला. पैठणहून निघालेली लाल एसटी, खड्डे चुकवत शहरात आणायची, एवढाच खेळ. चित्रं माझी. कंडक्टर मोईन, खड्डा लागला की ओरडायचा, "संभालके मामू!" आणि मागून चिडणाऱ्या म्हातारीचा आवाज माझा. एसटीचं इंजिन म्हणजे दत्ताच्या आईचा मिक्सर, त्यात शेंगदाण्याची चटणी, आवाज चौपट सावकाश केलेला. काकूंनी तो ऐकून अगदी बरोबर ओळखलं होतं, "आरं, ही तर माजी चटणी!" गेम जेमतेम सत्तर लोकांनी घेतला, त्यातले निम्मे मोईनचे मावसभाऊ. पण पैठणच्या शाळेत माझे सहावीचे विद्यार्थी मला बाईंऐवजी म्हातारी म्हणतात, यापेक्षा मोठी प्रसिद्धी काय असते?

काकू म्हणजे दत्ताच्या आई. घरात ती दोघंच. तेराव्याला लोक पांगल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. रडत नव्हत्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "वैशे, त्याचा आवाज हाय का गं तुमच्यापाशी? मला भ्या वाटायलंय... आत्ता येतोय कानात, पण इसरून जाईल असं वाटतंय. एक शब्द बी चालंल." मी छातीठोकपणे म्हटलं, "आहे की काकू, ढीगभर आहे!" का नसणार? पंधरा वर्षं आम्ही दुसरं केलं काय? आवाजच तर साठवले.

आणि नव्हता. मी आणि मोईननं दत्ताचा कॉम्प्युटर उघडला, सगळ्या फिल्म, सगळी गाणी, सगळे कच्चे तुकडे चार दिवस ऐकले. माझा आवाज, मोईनचा आवाज, कुत्री, कोकिळा, काकूंचा मिक्सर. दत्ता कुठंच नाही. "सन्नाटा" म्हणायचा, पण तो शब्द नंतर नेमका कापून टाकायचा. गिरणीचा आवाज कशाला ठेवायचा म्हणून! व्हॉट्सअॅपवर नुसते अंगठे. चुलतबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो आहे, ओठ हलताहेत, आणि वरून गाणं चढवलंय. मी इतकी चिडले त्याच्यावर, त्याच्या फोटोसमोर उभी राहून भांडले. एवढ्या जगाचे आवाज जपलेस आणि आईसाठी एक शब्द ठेवता आला नाही तुला? मोईन खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "काकूंना काय सांगायचं आता?"

शेवटी एकच गोष्ट उरली होती, "सन्नाटा" नावाचा फोल्डर. चाळीसेक फायली, प्रत्येकीवर जागेचं नाव. जायकवाडी, खुलताबाद घाट, गादीचं दुकान, घरची गच्ची. ते तरी नेऊ, असं ठरलं. तोंड दाखवायला काहीतरी हातात हवं म्हणून. दुपारी गेलो. मी आधीच कबूल करून टाकलं, "काकू, मी उगाच म्हटलं होतं. त्याचा एकही शब्द नाही. हा नुसता सन्नाटा आहे, त्यानं धरलेला." काकूंनी पदरावरूनच हेडफोन चढवला. मी जायकवाडी लावलं. काकू भिंतीकडं बघत बसल्या. मग एकदम त्यांची पाठ ताठ झाली, आणि चेहरा... मला तो चेहरा लिहिता येणार नाही. म्हणाल्या, "दत्ता हाय की!"

"काकू, त्यात कोणी बोलत नाहीये."

"बोलाया कशाला पायजे? नाक वाजतंय त्याचं!" आणि आमच्या दोघांकडं बघून म्हणाल्या, "सात वर्साचा असताना पत्र्यावरून पडला व्हता, तवा नाकाचं हाड वाकडं झालं. तवापासून रोज रात्री ऐकत आले मी. का, तुमाला ठाऊक नव्हतं व्हय?"

मी मोईनकडं बघितलं. मोईन माझ्याकडं. मग तो उठून उभा राहिला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "पंधरा साल! काकू, पंधरा साल मेरे को धूप में दूर खड़ा किया उसने!" आणि हसायला लागला. मी हसायला लागले. काकूंना गोष्ट कळल्यावर त्या तर डोळ्याला पदर लावून अशा हसल्या की हेडफोन गळ्यात आला. त्यात मधेच कोण कधी रडायला लागलं, ते सांगता यायचं नाही. प्रमाणपत्र समोर भिंतीवरच होतं, ध्वनीसाठी खास उल्लेख. स्वतःच्याच नाकाला बक्षीस घेऊन आला होता लेकाचा, आणि वर रागावला आमच्यावर!

आता काकू रोज दुपारी एक सन्नाटा ऐकतात. फायली मी त्यांच्या फोनवर घालून दिल्यात, त्या कशा उघडायच्या ते मोईननं शिकवलंय. कधी मला शाळेत फोन येतो, "आज घाटातला ऐकला गं, थंडी व्हती वाटतं, नाक लई वाजत व्हतं."

अर्धवट राहिलेली ती फिल्म आम्ही मागच्या शुक्रवारी पूर्ण केली. शेवटचा प्रसंग गादीच्या दुकानातच होता. आवरायच्या आधी मोईननं माइक हातात घेतला आणि "सन्नाटा" म्हणाला. तो शब्द आम्ही कापलेला नाही. एक मिनिट पुतळ्यासारखे उभे राहिलो. मोईन या वेळी माइकला अगदी खेटून. घरी येऊन ऐकलं तर शिट्टी नाही, शिंक नाही, काही नाही, दत्ता जन्मभर मागत होता तसा स्वच्छ सन्नाटा. मोईनला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मजा नहीं आया." मलाही नव्हती आली. मग मी दत्ताचा फोल्डर उघडला आणि जायकवाडीचा सन्नाटा उचलून दुकानाच्या प्रसंगात घातला. एका जागेचा दुसऱ्या जागेला चालत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तिथं गाद्यांच्या मधोमध धरणावरचा वारा येतो, आणि वाऱ्यात नाक वाजतं. राहू दे. कोणाला कळणार आहे?