शेल्याचा लाल

गाडी आमच्या गावात, जोह्यात आली त्या दिवशी शेजारच्या काकूंनी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि मला विचारलं, "काय गो, ही गाडी हाय का घोरपड?"

दोन दारांची, लालभडक आणि पोट जमिनीला टेकेल की काय इतकी बुटकी गाडी. मुंबईतल्या एका हौशी माणसानं दहा वर्षं वापरून विकायला काढली होती. मी चोवीस वर्षांची होते, रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला होते, आणि नोकरी लागल्यापासूनची सगळी बचत त्या घोरपडीत घालून आले होते. मला त्याचा पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकते.

बाबा गाडीजवळ आलेच नाहीत. आमचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच आहे. त्याच्या ओट्यावर ते उभे राहिले, हाताला लागलेलं मूर्तीचं प्लास्टर वाळत होतं तरी धुतलं नाही. त्यांचा राग गाडीवर कमी आणि माझ्यावर जास्त होता. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकवली होती. माझा हात बसला, गावात चार लोक नाव घ्यायला लागले, आणि बीएस्सी होताच मी सांगितलं, की जन्मभर पाटावर बसून रंगात हात घालणार नाही. तेव्हापासून आमचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं उरलं होतं.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," ते म्हणाले. "याचा खर्च माझ्या उंबऱ्याच्या आत आनायचा नाय."

"नाही आणणार."

"तीन महिन्यांत इकशील."

"बघाच तुम्ही."

आमच्या घरात दिलेला शब्द मागे घ्यायची पद्धत नाही. त्यांचीही नाही आणि, दुर्दैवानं, माझीही नाही.

हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यानं अशी गाडी ठेवलेली नसावी. तिला साधं पेट्रोल चालत नव्हतं. तिचे टायर इतके पातळ, की वडखळच्या एका खड्ड्यात एकाला टेंगूळ आलं, आणि तसा टायर रोह्यात नाही, पेणमध्ये नाही, मुंबईहून मागवा. विमा, ऑइल, एक आरसा. मी बाहेरचं खाणं बंद केलं, नवे कपडे बंद केले, मैत्रिणींबरोबर फिरणंही बंद केलं. एवढी गाडी दारात आणि मी मात्र कुठेच जात नाही, अशी गंमत होती. पण पहाटे पहिल्या शिफ्टला निघाले, की नागोठण्याच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ती जो आवाज काढायची, त्यासाठी मी आणखीही काही बंद केलं असतं.

ज्येष्ठात क्लच गेला. रामवाडीच्या मिस्त्रींनी गाडी उचलून बघितली, हात पुसले आणि सरळ सांगितलं, "ताई, दोन पगार गेले असं समजा. नायतर गिऱ्हाईक हाय माझ्याकडं, आहे तशी देऊन टाका." गिऱ्हाईक देत होतं ते मी मोजलेल्या पैशांच्या निम्मंही नव्हतं. आणि बरोबर तीन महिने झाले होते. गाडी विकली असती तर बाबा काही बोलले नसते, नुसते जेवत राहिले असते. ते मला सहन झालं नसतं.

"क्लच मागवा," मी म्हणाले.

माझ्याकडे पैसे नव्हते, पण हात होता. आषाढ म्हणजे आमच्याकडे आखणीचा हंगाम. प्रत्येक कारखान्यात रंगवलेल्या मूर्ती डोळ्यांवाचून ओळीनं उभ्या असतात आणि आखणी करणाऱ्याला पाय धरून बोलावतात. बाबांच्या कारखान्यातही तीनशे मूर्ती तशाच थांबल्या होत्या. पण तिथं बसले असते, तर गाडीचा खर्च उंबऱ्याच्या आत आला असता. म्हणून मी हमरापूरच्या एका कारखान्यात गेले. कंपनीच्या बसनं चारला परत यायचं, पाटावर बसायचं आणि दिवेलागणीपर्यंत डोळे काढायचे. श्वास रोखून एक रेघ, मग दुसरा डोळा तंतोतंत तसाच. जे जन्मभर करणार नाही म्हणाले होते, तेच मी लोकांच्या घरी जाऊन करत होते. पाठ मोडायची. आणि खरं सांगायचं, तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की मला या कामाची आठवण येत होती. हे मी कोणालाही सांगितलं नाही.

बाबांना दुसऱ्याच दिवशी कळलं. घरी कारखाना असताना पोरगी दुसऱ्याच्या पाटावर बसते, याहून मोठी नाचक्की आमच्या गावात नाही. आई म्हणाली, दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. पण त्यांनी मला थांबवलं नाही आणि मीही थांबले नाही.

श्रावणात गाडी परत आली. नवा क्लच, जुनी मी. घरी आणताना रामवाडीच्याच गतिरोधकावर पुढच्या बंपरची खालची पट्टी घासली आणि वीतभर तुकडा उडाला. आता त्याला खर्च करायला काही उरलं नव्हतं. मी तिला तशीच दारात लावली.

सोमवारी पहाटे शिफ्टला निघाले, तर बंपर अखंड होता. मी टॉर्च मारला. आदल्या दिवशी मी हमरापूरला असताना कोणीतरी तो तुकडा काथ्या आणि प्लास्टरनं भरून काढला होता, जसा मूर्तीचा मोडलेला हात भरतात. त्यावर लाल रंग मारला होता, मूर्तीच्या शेल्याला मारतात तो. आणि सवयीनं, शेला म्हटल्यावर यायलाच हवा म्हणून, खाली बारीक सोनेरी काठही काढला होता. ती रेघ मी कुठेही ओळखली असती.

मी लॅबमध्ये काम करते. तो रंग पाण्यात विरघळतो, हे मला कळायला हवं होतं. पण मला तेव्हा फक्त काठ दिसत होता.

नागोठण्यात सर आली. कंपनीच्या गेटवर वॉचमननं पुढं वाहिलेले लाल ओघळ बघितले आणि घाबरून विचारलं, "म्याडम, कोनाला उडवलात का?" संध्याकाळी घरी पोचेपर्यंत प्लास्टरही निघालं होतं आणि काथ्या दाढीसारखा लोंबत होता.

बाबा ओट्यावरच होते. पुढं येऊन त्यांनी बंपरकडे बघितलं.

"गेला?"

"नागोठण्यातच."

ते खाली उकिडवे बसले आणि काथ्याला हात लावला. "चाळीस वर्सां पान्यात जानाराच रंग लावत आलोय गो बाय," ते म्हणाले. "टिकवायचा कसा, ते कदी शिकायलाच लागला नाय."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आम्ही तसली माणसं नाही. मी म्हणाले, "पेणला गाडीच्या रंगाचं दुकान आहे. चला, डबा आणू."

त्या गाडीत जो कोणी बसला तो कण्हतच बसला. आईला तर मी आणि शेजारच्या काकूंनी ओढून बाहेर काढावं लागलं होतं. बाबांनी दार उघडलं आणि एका दमात अलगद खाली बसले.

"पाटाएवढीच हाय की," ते म्हणाले.

हमरापूर मागं पडलं. मग बाबांनी समोर बघतच विचारलं, "मूर्तीमागं काय देतो तो हमरापूरवाला?"

मी सांगितलं.

"मी दोन रुपये जास्त देतो. उद्यापासून घरच्या पाटावर बस."

"गाडीचा खर्च उंबऱ्याच्या आत नको म्हणालात."

"ह्यो खर्च नाय. मजुरी हाय."

"मग तीन जास्त," मी म्हणाले.

रामवाडीचा गतिरोधक दिसला तशी मी गाडी हळू केली. बाबांनी डॅशबोर्ड घट्ट धरला आणि गाडीचं वजन कमी व्हावं म्हणून दोन्ही पाय वर उचलले. गाडी न घासता पलीकडे उतरली, तेव्हाच त्यांनी ते खाली टेकवले.

"तीन," ते म्हणाले. "पन अशीच हळू चालव."