तांब्यात किती मावते

मापवाल्या बाईंना हसताना मी क्वचितच पाहिले. रागावलेल्या मात्र नित्य पाहिल्या. आवाज चढत नसे. हातातला रेघा कोरलेला काचेचा पेला त्या खाली ठेवीत आणि समोरच्याकडे नुसत्या पाहत राहत. गावचा सारा वसूल करणारे आमचे मालगुजारसुद्धा त्या नजरेपुढे चुळबुळू लागत.

बाई नागपूरच्या डॉक्टर, तापांवर संशोधन करणाऱ्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात त्या मार्कंड्याच्या देवळांच्या वरच्या अंगाला, वैनगंगेकाठच्या आमच्या गावी आल्या. जंगलातल्या हिवतापाने इकडे काहींची लघवी काळी होई, मग बंद होई, आणि माणूस जाई. शिवालयाचा पुजारी या नात्याने मी धर्मशाळेच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. तेथे त्या रोग्याचे पाणी मोजू लागल्या, आत गेलेले आणि बाहेर आलेलेही.

"देवाच्या आवारात मूत्र?" मी संतापलो.

"देवळात माणसं येतात ना, शास्त्रीबोवा? त्यांच्याबरोबर तेही रोज येतं. मी फक्त मोजते."

गावकरी थट्टा करीत. "बाई, आमचं नेऊन नागपुरात विकता का जी?"

"विकते. तुझं तेवढं कोणी घेत नाही."

त्यांचा नियम एकच होता. "मूत्रपिंड म्हणजे गाळणी. ती तुंबली असताना वरून पाणी ओतलं, तर ते छातीत चढतं. म्हणून जेवढं बाहेर, तेवढंच आत. वर घामापुरते दोन पेले." या नियमाने दोन रोगी वाचले. तिसरा वाचला असता तर नागपूरचे वरिष्ठ तो नियम गावोगावी लागू करणार होते.

तिसरा होता गोमाजी, धानाची शेती करणारा. तो पाण्यासाठी तळमळे आणि बाई मोजून घोट देत. त्याची बायको माझ्या पायांशी आली. "महाराज, बाई ऐकून नाई राह्यल्या. तुमी तरी देवाचं पानी द्या त्याले. देवाच्या पान्यानं कोनाले का होते?"

अकाली मृत्यू हरण करणारे तीर्थ, असा मंत्र म्हणतच मी ते जन्मभर देत आलो होतो. पळीने देतात, हे मला ठाऊक होते. तरी दोन दिवस, सकाळ-सायंकाळ, बाईंची पाठ वळताच मी तांब्याच त्याच्या ओठांशी धरला. तो घटाघटा प्यायचा आणि मला पुण्य केल्यासारखे वाटायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या छातीत घरघर लागली आणि तो गेला.

बाईंनी वही उघडली. "बाहेरून पाणी कोणी दिलं?"

"पळीभर तीर्थ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लिहिले: पळीभर.

अंगणात माणसे जमली. "बाईनं तहानेनं मारला त्याले!" कोणी त्यांच्या बाटल्या फोडल्या, कोणी नागपूरला तक्रार धाडली. ज्या दोघांचे जीव बाईंनी वाचवले होते, तेही त्या गर्दीत होते. त्यांचा मला आजही संताप येतो. पण ओट्यावर गंध लावून मुकाट उभ्या राहिलेल्या ब्राह्मणाचा जो येतो, त्याला शमवणारा जप मला सापडलेला नाही.

वरिष्ठांनी त्यांना परत बोलावले. नदी उतरायला डोंग्यात बसताना बाई म्हणाल्या, "दोन वाचले, एक गेला. तो का गेला, हेच कळलं नाही, शास्त्रीबोवा. त्या दोघांपेक्षा मला तो एक कळायला हवा होता."

मी डोंगा काठावरून लोटून दिला.

पुढल्या शिवरात्रीला तीर्थाची पळी हातात धरवेना. त्याच आठवड्यात मी नागपूरच्या पत्त्यावर सारे लिहून कळवले आणि शेवटी क्षमा मागितली. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले:

"नोंद दुरुस्त केली. पत्र वरिष्ठांपुढे ठेवते आहे. तांब्यात पाणी किती मावतं, ते मोजून कळवा. पेला धर्मशाळेच्या कोनाड्यात राहिला आहे."

क्षमेचा एक शब्दही नव्हता. मी रागाने कार्ड भिरकावले. मग उचलले, कोनाड्यातला पेला पुसला आणि तांब्या घेऊन घाटावर बसलो.

चार पेले, आणि वर पळीभर. तसेच लिहून पाठवले.