साहेब, बंद करून परत चालू करा
धरणगावच्या भंवरलाल कापडवाल्यांची मंजू डूख धरणारी होती, आणि ते ती लपवतही नसे.

जळगावच्या एका ठिबक कारखान्यात तिने केळीच्या बागेला आपोआप पाणी सोडणाऱ्या डब्याचा प्रोग्रॅम लिहिला. सत्त्याण्णव साली धुळ्याच्या कृषी प्रदर्शनात तिचे साहेब, चुडामण, छाती फुगवून सांगू लागले, "एकेक ओळ मी लिहिली." कुणीतरी मंजूकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? "ती? आमची टायपिस्ट." आयत्या बिळावर नागोबा! दुसऱ्याच दिवशी मंजूने नोकरी सोडली.

घरी बसून रडण्यातली ती नव्हती. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर तिला संगणक चालवणारं लिनक्स मिळालं. त्याचा सगळा प्रोग्रॅम उघडा. कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. त्यातली एक अट अशी, की लिहिणाऱ्याचं नाव पुसायचं नाही. ती अट वाचून मंजू कितीतरी दिवसांनी हसली.

डब्यातल्या चिमुकल्या चिपवर हे लिनक्स चालवायचं, असं तिने ठरवलं. पण ते बनलेलं मोठ्या संगणकासाठी. तिथे दोन प्रोग्रॅममध्ये भिंत असते. या चिपमध्ये भिंतच नाही. एक चुकला की दुसऱ्याच्या घरात घुसून सगळ्याचा विचका. दुपारी दुकान बंद असताना कापडाच्या गठ्ठ्यांत बसून ती एकेक भाग चिपच्या मापाने बेतत राही. वैतागली की चुडामण आठवत, आणि हात पुन्हा चालू लागे.

"मंजू, सोड आता ते," भंवरलाल म्हणत.

"सोडणारच आहे, बाबूजी. इंटरनेटवर."

दीड वर्षाने जळगावच्या सायबर कॅफेतून तिने ते खरंच फुकट सोडलं. चुडामणांच्या नव्या डब्याचं घोडं तिच्यावाचून अडलंय, हे तिला ठाऊक होतं. ते आयतं उचलणार, आणि न वाचताच उचलणार, हेही.

नव्व्याण्णवच्या प्रदर्शनात मंजू गर्दीत पुढे उभी राहिली. डबा आधीपासून चालू होता, शेजारी मॉनिटर. "एकेक ओळ मी लिहिली," चुडामण सांगत होते.

"साहेब," मंजू गोड आवाजात म्हणाली, "एकदा बंद करून परत चालू करा ना. सुरुवात बघू द्या लोकांना."

लोकांनीही मान डोलावली. चुडामणांनी बटण दाबलं. मॉनिटरवर इंग्रजीत पहिलीच ओळ उमटली, आणि समोरच्या एका शेतकऱ्याने ती मराठीत मोठ्याने वाचून दाखवली: "लिहिणारी, मंजू भंवरलाल, धरणगाव." मग मान वर करून विचारलं, "साहेब, हाई मंजू कोन शे?"

मंजूने चुडामणांचा उतरलेला चेहरा पोटभर बघून घेतला.

"मी, भाऊ," ती म्हणाली. "यांची टायपिस्ट."