चौघांची फेरी

परळच्या ख्रिस्ती मंडळीत बकुळाबाई अमोलिकांइतकं शिस्तीत गाणारं दुसरं कुणी नाही, असं नाना बोर्डे अकरा वर्षं सांगत आले होते. नाना म्हणजे त्या चर्चमधल्या गाण्याचे सर्वेसर्वा. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेले. दर रविवारी पायपेटीवर बसायचे आणि ज्याला तोंड आहे त्या प्रत्येकाला गायला उभं करायचे. परीक्षा नाही, निवड नाही. सहा-सात वर्षांच्या चंपापासून सत्तरीच्या राधाबाईंपर्यंत सगळे एका ओळीत.

"इथं ऐकणारा एकच," नाना म्हणायचे, "आणि तो वर बसलाय. बाकीच्यांनी गायचं."

पोरांनी गोंगाट केला की त्यांचं बोट बकुळाबाईंकडं वळायचं. "त्यांच्याकडं बघा. तोंड कसं उघडतात! एक शब्द मागंपुढं नाही, एक सूर वावगा नाही."

सूर वावगा जाणार कसा? बकुळाबाई गातच नव्हत्या.

लग्न होऊन नगरकडच्या खेड्यातून त्या परळला आल्या, तेव्हा पहिल्याच रविवारी मोकळ्या गळ्यानं गायल्या होत्या. माहेरी जात्यावर गाऊन तयार झालेला गळा, जाड आणि खालचा. इथल्या बायका काळी पाचच्या उंच पट्टीत गायच्या. बकुळाबाईंचा आवाज तिथवर चढता चढता भलतीकडंच गेला. पुढच्या बाकावरच्या दोघींनी माना वळवून पाहिलं. घरी आल्यावर सासूबाई, म्हणजे त्याच राधाबाई, रागावल्या नाहीत. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, तू आपली मनात गात जा. देवाला मनातलंही ऐकू येतं."

तेव्हापासून बकुळाबाई फक्त ओठ हलवायच्या. नवरा रत्नाकर रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला. तो पुरुषांच्या बाजूला उभा राहायचा आणि उपासना कधी संपते याकडं त्याचं लक्ष असायचं. त्याला पत्ता नव्हता. राधाबाईंखेरीज कुणालाच नव्हता. हळूहळू बकुळाबाई मंडळीतल्या चांगल्या गाणाऱ्या म्हणून गणल्या जाऊ लागल्या, आणि खोटं सांगायचं कशाला, त्यांना ते आवडायलाही लागलं.

मग छप्पन्न साल आलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई तापलेली. आज सभा, उद्या हरताळ, आणि जमावबंदी उठली म्हणेपर्यंत पुन्हा लागलेली. ईस्टरच्या आधीच्या रविवारी मंडळी दरवर्षी झावळ्या हातात घेऊन गात गात लालबागच्या नाक्यापर्यंत जायची आणि परत यायची. त्या वर्षी चौकीवरून स्पष्ट सांगण्यात आलं, पाच माणसं एकत्र दिसता कामा नयेत.

मंडळीचे पंच म्हणाले, "फेरी रद्द."

नाना म्हणाले, "पाच नकोत ना? मग चार."

त्यांनी फळ्यावर छत्तीस नावं लिहिली आणि चार-चारांचे नऊ गट पाडले. दोन गटांमध्ये पन्नास पावलांचं अंतर. प्रत्येक गटात एक लहान, एक म्हातारं, एक वाजवणारं आणि एक सूर धरणारं. "मागच्याला पुढचं ऐकू येणार नाही," नानांनी बजावलं, "म्हणून सूर धरणारं माणूस पक्कं पाहिजे. तिसऱ्या गटात बकुळाबाई. त्यांची काळजीच नको."

बकुळाबाईंनी फळ्यावरचं आपलं नाव दोनदा वाचलं.

त्यांच्या गटात चंपा, राधाबाई आणि ढोलकीला लवू. लवू त्यांच्याच चाळीतला, मालवणकडचा गिरणी कामगार. रोज संध्याकाळी स्वतःच्या भजनीमंडळात वाजवायचा आणि रविवारी पाळी नसली तर नानांकडं. "देव खंयचोय असांदे, ढोलकी तीच," म्हणायचा.

उरले होते सहा दिवस. छत्तीस माणसांत लपता येतं, चौघांत कुठं लपणार? आजारी पडावं, असं त्यांच्या दोनदा मनात आलं. पण मग तिसऱ्या गटाचं काय? आणि खरं सांगून टाकावं तर अकरा वर्षांच्या कौतुकाचं काय? शेवटी त्यांनी सराव करायचं ठरवलं. एका खोलीच्या बिऱ्हाडात, सासू तीन हातांवर बसलेली असताना, गायचं कुठं? तोड सापडली ती स्टोव्हची. पंप मारून स्टोव्ह फरफरायला लागला, की त्या आवाजात बकुळाबाई तोंड भिंतीकडं करून गाऊन घ्यायच्या. पण नुसता स्टोव्ह पेटवून ठेवणार कसा? म्हणून वर चहाचं आधण. तीन दिवसांत घरात इतका चहा झाला, की रत्नाकर म्हणाला, "आपण हॉटेल काढलंय का?"

राधाबाईंनी बशीतला चहा फुंकला. "पी की गुमान. मिळतोय तोवर."

रविवार उजाडला. पहिला गट गेला, पन्नास पावलांनी दुसरा. मग नानांनी तिसऱ्या गटाला खूण केली. लवूनं थाप मारली. बकुळाबाईंनी तोंड उघडलं आणि सवयीनं नुसतेच ओठ हलले.

चंपानं मान वर करून पाहिलं. "काकू, तुमचा आवाज कुठाय?"

"थांब गं," राधाबाई म्हणाल्या आणि त्यांनीच सूर उचलला. तो काळी पाचचा. दहा पावलं गेल्यावर म्हातारीला धाप लागली, खोकला आला, गाणं थांबलं. चंपाला तर पहिलीच ओळ येत होती. आता रस्त्यावर ढोलकी तेवढी वाजत होती. चाळीच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. मागून चौथा गट वळणावर आला होता.

"वयनी, म्हणा की!" लवू वाजवता वाजवता ओरडला. "हयसर कोण परीक्षा घेता? तुमका जमात त्या पट्टीत म्हणा, मी असंय!"

बकुळाबाईंनी डोळे मिटले. आईच्या जात्याचा खुंटा हाताशी आल्यासारखा वाटला. नानांनी गाणं ओवीच्याच चालीवर बसवलं होतं.

*उघडा गं वेशीची दारं, सयांनो, राजा गाढवावर येतो...*

आवाज निघाला तो खालून, जाडाभरडा. काळी पाच नाही, पांढरी एक. तो गोड नव्हता, पण चारी मजल्यांवर पोचला. लवूनं ढोलकी त्याला जुळवून घेतली आणि दुसऱ्या ओळीला बकुळाबाईंनी डोळे उघडले.

त्या दिवसांत ढोलकीवर असा गळा रस्त्यावर ऐकू आला, की परळकरांच्या मनात एकच गोष्ट यायची. "समितीची फेरी आली रे!" वरून कुणीतरी ओरडलं. जिन्यांवरून धडाधड पावलं वाजली. बायका लाटणी हातात घेऊन खाली आल्या. ओवीची चाल ओळखीची, त्यांनी शेवटचे शब्द उचलले. कुणी आरोळी दिली, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि गल्लीनं उत्तर दिलं, "झालाच पाहिजे!" पोरांनी राधाबाईंच्या हातातल्या झावळ्या ओढून घेतल्या. नाक्यावर पोचेपर्यंत चौघांमागं साठ-सत्तर माणसं झाली होती.

हवालदार आडवा आला. "बाई, जमावबंदी ठाऊक आहे ना? किती माणसं आहात?"

"चार," बकुळाबाई म्हणाल्या.

"आणि ही सगळी?"

बकुळाबाईंनी मागं वळून पाहिलं आणि त्या माणसं मोजायला लागल्या. तेवढ्यात राधाबाई धापा टाकत पुढं झाल्या. "ही ऐकायला आलीत, बाबा. गाणारे आम्ही चारच."

"मग गाणं थांबवा. आपोआप पांगतील."

"तूच थांबव," राधाबाई म्हणाल्या. "मला अकरा वर्षं जमलं. बघ तुला जमतंय का."

हवालदाराला काही उमगलं नाही. त्यानं गर्दीकडं पाहिलं, लाटणी पाहिली, झावळी घेतलेल्या चंपाकडं पाहिलं. "गात जा, पण चालत जा," तो वैतागून म्हणाला. "उभ्या राहू नका! मंडळी, तुम्ही घरी चला. तव्यावर पोळी जळतेय कुणाची तरी, वास येतोय."

दोघी-तिघी खरोखरच धावत सुटल्या आणि हसत हसत गर्दी पातळ झाली.

परतल्यावर नाना चर्चच्या दारात उभे होते. चष्मा काढून त्यांनी बकुळाबाईंकडं नीट पाहिलं. "आज तुमचा आवाज निराळाच लागला."

"सर्दी होती, नाना. ती गेली."

"कधीपासून होती?"

"बरीच जुनी होती."

नानांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. पुढच्या रविवारी त्यांनी पहिलं गीत पांढरी एकमध्ये धरलं, आणि उंच गाता न येणाऱ्या चार-पाच बायकांचे आवाज त्या दिवशी मंडळीला पहिल्यांदा ऐकू आले. पुढं ती बकुळाबाईंची ओळ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. त्यात नंतर रत्नाकरही येऊन उभा राहिला. घड्याळ बघायचं मात्र त्यानं सोडलं नाही.

पण ते नंतरचं. फेरीच्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर बकुळाबाईंनी नेहमीप्रमाणं स्टोव्ह पुढं ओढला आणि पंपाला हात घातला.

"असू दे गं," खाटेवरून राधाबाई म्हणाल्या. "आठवडाभर चहा पिऊन पिऊन माझी झोप उडालीय. नुसतं गा."