चादर पांढरीच होती

निखिलचा फोन आला तेव्हा मी डोळ्यांच्या दवाखान्यातून मिळालेला कागद फ्रिजवर लावत होते. सुनंदाच्या आणि माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही एकच दिवस मागून घेतला होता. "दोघी एकदम पट्टी बांधून बाहेर आलो तर ऑटो कोण थांबवणार?" असं ती आदल्याच संध्याकाळी म्हणाली होती. आणि आता तिचा मुलगा फोनवर सांगत होता, "मावशी, आई सकाळी उठलीच नाही." त्याच्यामागे एक शेजारीण हिंदीत कुणाला तरी पाणी आणायला सांगत होती. मी हातातला कागद तसाच धरून उभी राहिले...

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या मागच्या अंगणांना एकच भिंत होती. ती नागपूरची, मी पुण्याची. दोघींचे नवरे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत. ती शाळेत चित्रकला शिकवी, मी भौतिकशास्त्र, आणि त्यामुळे मी तिच्यासाठी कायमची 'विज्ञानबाई' होते. रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ती मुलांकडून चित्रस्पर्धांची तयारी करून घेत असे. तिची पद्धत मला माझ्या विषयाइतकीच काटेकोर वाटे. "परीक्षक चालता चालता बघतो," ती मुलांना सांगे. "त्याने थबकावं असं एकच ठिकाण चित्रात ठेवा. सगळेच रंग ओरडायला लागले तर त्याने ऐकायचं कुणाचं?" लाल उठून दिसत नाही म्हणून एखाद्याने त्यावर आणखी लाल चढवला, की ती ब्रश काढून घेई आणि शेजारच्या भागात करडा भरायला लावी. लाल आपोआप उजळे. रंग नेहमी शेजाऱ्यांसकट दिसतो, हे प्रकाशाच्या धड्यात मी कधी इतक्या सहज समजावू शकले नाही. दिल्लीत वाढलेल्या त्या मुलांना रंगांची मराठी नावं ठाऊक नसत. "इथे अबोली लाव," असं ती म्हणाली की एखादी मुलगी विचारी, "बाई, अबोली मतलब? अच्छा, पीच?" "पीच खायचं असतं," सुनंदा म्हणे, "अबोली माळायची असते."

इतरांची इतकी चित्रं तिने स्पर्धांना पाठवली, स्वतःचं एकही नाही. गेल्या वर्षी मंडळाने ज्येष्ठांचा गट सुरू केला, तेव्हा तिने पहिल्यांदाच नाव दिलं. "हे चित्र झालं की मग डोळे," असं सांगून तिने शस्त्रक्रिया पुढे ढकलली. विषय होता आमचं मागचं अंगण. हिवाळ्यातली दुपार, कडुलिंब, दोरीवर वाळणारी पांढरी चादर आणि तिच्या कडेने डोकावणारा लहानगा निखिल, अंगात तिने विणलेला पिवळा स्वेटर. परीक्षकाने थबकावं ते ठिकाण म्हणजे तो स्वेटर. ती क्वार्टर्स पाडून आता तिथे उंच इमारती झाल्या आहेत. स्वेटर केव्हाच विरून गेला. समोर ठेवायला एखादा फोटोही नव्हता. सारं चित्र तिने आठवणीतून काढलं.

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी मी दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या तिच्या घरी होते. मानेसरहून कंपनीच्या बसने निखिल दमून आला आणि चित्रापुढे उभा राहिला. "आई, चादरीला नीळ जास्त झाली. आणि माझा स्वेटर हळदीसारखा होता. हा तर कच्च्या लिंबासारखा हिरवट आहे."

"घातलास तू, विणला मी," सुनंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "विज्ञानबाई, तू सांग. चादर कशी आहे?"

"पांढरी."

"आणि स्वेटर?"

"हळदीचा."

"झालं तर. दोन विरुद्ध एक."

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक भला माणूस होता. तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मैडम, ड्रॉइंग बहुत अच्छी है. ब्लू थोड़ा हाथ से निकल गया." ती हसली, आभार मानले.  परतताना मेट्रोत मात्र काचेत बघत म्हणाली, "त्या स्वेटरची लोकर मी स्वतः निवडली होती... मी विसरले असेन का गं?"

तिच्या जलदानविधीनंतर काही दिवसांनी निखिल ते चित्र जुन्या ओढणीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. "तू ठेव, मावशी. मला बघवत नाही. बघितलं की वाटतं, शेवटी आई माझा स्वेटरसुद्धा विसरली होती." मी ते माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावलं. त्या दिवसापासून घरात तिचा प्रश्न वावरू लागला. चहा गाळताना, कुलूप लावताना तो अगदी पाठीशी ऐकू येई. मी वळून बघत नसे. 

मग ठरल्या दिवशी मी एकटीच जाऊन उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पट्टी निघाली, घरी आले, चित्राकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. चादर निळी होती. निखिलचे गाल जांभळट, स्वेटर कच्च्या लिंबाचा. निखिलचं खरं होतं, परीक्षकाचंही. मेट्रोतल्या त्या प्रश्नाला आता 'हो' म्हणावं लागणार होतं.

संध्याकाळी नव्या डोळ्यात औषधाचा थेंब घातला. तो झोंबला, म्हणून डोळा मिटून बसले. डावा उघडाच होता. समोर चादर पांढरी होती. स्वेटर हळदीचा होता.

यामागचं कारण सोपं आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतक्या सावकाश होतं की ज्याचं त्याला कळत नाही. खरीखुरी चादर समोर टांगून सुनंदाने रंग जुळवले असते, तर चादर आणि चित्र दोन्ही एकाच पिवळ्या भिंगातून दिसली असती आणि चूक झालीच नसती. पण तिच्यापाशी होती फक्त आठवण, डोळे स्वच्छ असतानाची. कागदावरची चादर त्या आठवणीइतकी पांढरी दिसेपर्यंत ती निळा मिसळत राहिली. पिवळं पडलं होतं ते भिंग. आठवणीवर कसलाही डाग नव्हता.

रविवारी निखिलला बोलावलं. प्रयोगाच्या जुन्या सामानातला पिवळा जिलेटिनचा कागद त्याच्या हातात दिला आणि चित्राकडे तोंड करून उभं केलं. "आई यातून बघत होती," मी म्हटलं. त्याने कागद डोळ्यांसमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला.

"हाच," तो म्हणाला. "अगदी हाच होता." 

निघताना त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला. चित्र घेऊन जा म्हटलं, तर म्हणाला, "अजून काही दिवस तुझ्याकडेच राहू दे. तुला कागद लागत नाही."

डॉक्टर आता डाव्या डोळ्याबद्दल विचारतात आणि मी दर वेळी पुढच्या महिन्यावर नेते. हे योग्य नाही, कुणीही असं करू नये, हे मी शिक्षिका म्हणून सांगेन. पण दुपारी त्या भिंतीवर ऊन येतं, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढते आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवते. चादर पांढरी होते, हळदीचा स्वेटर घातलेलं पोर कडेने डोकावतं. उरलेल्या डोळ्याला सारंच धूसर दिसतं. त्यामुळे चादरीमागे कुणी कपडे वाळत घालत उभं आहे का, ते खात्रीने सांगता येत नाही. हात काढला तर लगेच कळेल... मी तो ऊन उतरेपर्यंत काढत नाही.