पहिल्या पंगतीचं कॉलेज

मैनाआत्या पुण्याच्या बायकांच्या कॉलेजात का गेली, याची पोलादपुरात बरीच कारणं सांगतात. समाजसेवा, स्त्रीशिक्षण, देशाची हाक! तिच्या सत्काराला एका पुढाऱ्यानं तर डोळेही पुसले. सगळं झूट. आत्या गेली ती गरम भातासाठी.

आमच्या घरात आधी पुरुष जेवत, मग पोरं, शेवटी बायका. माझे आजोबा महिपतराव जेवता जेवता भावकीची भांडणं मिटवत, म्हणजे दोन नवी लावून देत. तोवर भात गारढोण. रखमाआजी तो निमूट गिळे, आत्या मात्र धुसफुसत राही.

१९३१ साली आत्या सातवीची फायनल पास झाली आणि आजोबांनी लगेच बिरवाडीचं स्थळ काढलं. मोठं खटलं, घरात अकरा पुरुष. अकरा ताटं उठल्यावर आपलं पान, या विचारानंच ती हबकली. त्याच आठवड्यात महाडच्या गोदूबाई मास्तरणीनं तिला पुण्याच्या कॉलेजाचं सांगितलं. दोन वर्षं शिकायचं, मास्तरीण व्हायचं, राहणं-जेवणं तिथंच.

"जेवाया आधी कोन बसतं?" आत्यानं विचारलं.

"मुलीच. तिथं दुसरं आहे कोण?"

आत्या घरी आली ती ठरवूनच.

"आबा, मी पुन्याला शिकाया जाते."

आजोबांनी डोळे वटारले. "बाप्यांत बसून?"

"थितं एक बाप्या नाय. म्हनून तर जाते."

आजोबांची छाती फुगली. लेक किती मर्यादेची! त्यांनी स्वतःच बिरवाडीकरांना नकार कळवला. ती आपल्यालाच टाळून चाललीय, हे त्या शहाण्याच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही.

पुढं आत्या नेमकी बिरवाडीच्याच शाळेवर मास्तरीण झाली. खोली घेतली आणि आजीला चार दिवस राहायला नेलं. पहिल्याच दुपारी तिनं आजीपुढं वाफाळता भात वाढला. आजी पानाला हात लावीना.

"आये, जेव की."

"बाप्ये जेवले?"

"हितं कोन बाप्या हाय गो?"

आजीनं एकदा दाराकडं बघितलं आणि घास घेतला. तोंड भाजलं. तरी दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मेले! चाळीस वर्सं मीच रांधतेय, आनि ह्यो असा लागतो म्हनून मला कुनी सांगितलंच नाय गो."